यूसीबद्दल नवीन कायदा आलाय म्हणे? आधी हे तपासा

फेब्रुवारी संपत आला की बे एरियातल्या मराठी ग्रुपांवर ठरावीक निरोप फिरू लागतात. ‘बर्कलीत आता बाहेरच्या राज्यातल्या मुलांना प्रवेश बंद.’ ‘यूसीची फी कायद्याने गोठवली.’ सोबत एबी अमुक किंवा एसबी तमुक असा आकडा आणि खाली हात जोडलेले इमोजी. हे सगळं फेब्रुवारीतच का, तर कॅलिफोर्नियाच्या विधिमंडळात नवीन विधेयक दाखल करायची मुदत त्या महिन्यात संपते. शेवटच्या चार-सहा दिवसांत विधेयकांचा नुसता ढीग पडतो. त्यातली पुष्कळशी पुढे कुठेच जात नाहीत.

मी यूसीच्या, म्हणजे युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाच्या, एका कॅम्पसवर ऑफिसात काम करते. विधेयकांवर पत्रं पाठवली आहेत, राज्याच्या राजधानीत, सॅक्रामेंटोला, सुनावणीत माइकपुढे उभी राहिले आहे. मुलं हायस्कूलच्या शेवटच्या वर्षाला असलेले पालक, भारतातून नुकतेच आलेले पीएचडीवाले, नव्याने नोकरीला लागलेले असे बरेच जण ‘हे खरं का?’ म्हणून निरोप पुढे पाठवतात. तेव्हा मी जे तपासते, ते इथे क्रमाने लिहिते. पैकी चौथी आणि सहावी पायरी नीट वाचा. बाकीचं सवयीने जमतं.

जवळ काय हवं:
– विधेयकाचा क्रमांक आणि अधिवेशनाची वर्षं, उदाहरणार्थ २०२५–२६. नुसता क्रमांक पुरत नाही, कारण दर दोन वर्षांनी मोजणी पुन्हा एकपासून सुरू होते.
– कॅलिफोर्नियाच्या कायद्यांसाठी ‘लेगइन्फो’ ही विधिमंडळाची साइट, देशाच्या कायद्यांसाठी ‘काँग्रेस डॉट गव्ह’. दोन्ही फुकट.
– घराच्या पत्त्यावरून काढलेली तुमच्या असेंब्ली सदस्याची, राज्य सिनेटरची आणि काँग्रेसमधल्या प्रतिनिधीची नावं.
– रीजंट्सच्या, म्हणजे यूसीच्या नियामक मंडळाच्या, बैठकांचं वेळापत्रक.

१. निरोपातलं विद्यापीठ कोणतं, ते पक्कं करा

यूसी म्हणजे दहा कॅम्पसची युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्निया: बर्कली, लॉस एंजेलिस, सॅन डिएगो, डेव्हिस, अर्व्हाइन, सँटा बार्बरा, सँटा क्रूझ, रिव्हरसाइड, मर्सेड आणि वैद्यकीय शिक्षणाचं सॅन फ्रान्सिस्को. सॅन होजे स्टेट, ईस्ट बे, कॅल पॉली ही सीएसयूची, म्हणजे कॅलिफोर्निया स्टेट युनिव्हर्सिटीची, मंडळी. डी अँझा, फूटहिल, ओलोनी ही कम्युनिटी कॉलेजं. स्टॅनफर्ड आणि यूएससी खाजगी. चौघांचे नियम चार तऱ्हेचे.

एबी १७८० घ्या. २०२४ मध्ये सही झाली तेव्हा ‘कॅलिफोर्नियात माजी विद्यार्थ्यांच्या आणि देणगीदारांच्या मुलांना प्रवेशात झुकतं माप देणं बंद’ अशी बातमी आली, आणि यूसीत आता आपल्या मुलांना जास्त जागा मिळणार असा अर्थ बऱ्याच जणांनी काढला. तो कायदा खाजगी विद्यापीठांसाठी आहे. यूसीने ही पद्धत १९९०च्या दशकातच सोडून दिली होती. तसंच २०२५ मध्ये केंद्राने विद्यापीठांच्या एन्डाउमेंटवरचा (देणग्यांतून साठलेल्या निधीवरचा) कर वाढवला, कमाल दर ८ टक्क्यांपर्यंत नेला. तोही खाजगी विद्यापीठांपुरता. यूसीला त्याची झळ नाही.

२. ते विधेयकच आहे का, ते पाहा

ज्याला सगळे सरसकट ‘कायदा’ म्हणतात, त्यात पाच निरनिराळ्या गोष्टी असतात.

एक, विधेयक. एबी म्हणजे असेंब्लीत जन्मलेलं, एसबी म्हणजे सिनेटमध्ये. असेंब्लीत ८० सदस्य, सिनेटमध्ये ४०.

दोन, बजेट आणि त्याच्या मागून येणारी, बजेट राबवायला लागणारे कायदे बदलणारी ‘ट्रेलर बिलं’. त्यांची चाल वेगळी, खाली सहाव्या पायरीत.

तीन, प्रॉपोझिशन, म्हणजे थेट मतदारांनी मंजूर केलेलं. प्रवेशात वंश किंवा लिंग पाहून प्राधान्य देऊ नये हा नियम १९९६च्या प्रॉपोझिशन २०९ ने राज्यघटनेत घातला. तो काढायला २०२० मध्ये प्रॉपोझिशन १६ आलं आणि मतदारांनी ते पाडलं. एखादा आमदार नुसत्या विधेयकाने २०९ रद्द करतोय असा निरोप आला तर तो तिथेच सोडून द्या. मतदारांकडे पुन्हा गेल्याशिवाय ते होत नाही.

चार, रीजंट्सचा ठराव. यूसीची ट्यूशन विधिमंडळ ठरवत नाही, रीजंट्स ठरवतात. दर वर्षी नव्याने येणाऱ्या तुकडीची ट्यूशन ठरवायची आणि त्या तुकडीपुरती ती काही वर्षं स्थिर ठेवायची, ही योजना त्यांनी जुलै २०२१ मध्ये मंजूर केली. त्यात आमदारांचा हात नव्हता.

पाच, वॉशिंग्टनहून आलेला सरकारी आदेश, खात्याची सूचना किंवा राष्ट्राध्यक्षांची घोषणा. त्यावर काँग्रेसमध्ये मतदान झालेलं नसतं आणि बऱ्याचदा तो कोर्टात जातो.

३. लेगइन्फोवर विधेयक उघडा, पण मजकुरापासून सुरुवात करू नका

मजकूर वाचायला गेलात तर तिसऱ्या पानावर झोप येईल. आधी ‘स्टेटस’ उघडा. शेवटची तारीख कोणती आणि विधेयक कुठे आहे, एवढंच पाहा. ‘पेंडिंग रेफरल’ असेल तर ते अजून कुठल्याच समितीपर्यंत पोचलेलं नाही. नवीन विधेयकावर ते छापल्यापासून ३० दिवस कारवाई होत नाही, म्हणून मार्चच्या सुरुवातीला बहुतेकांची अवस्था हीच असते.

मग ‘बिल ॲनालिसिस’. समितीच्या अभ्यासू कर्मचाऱ्यांनी लिहिलेलं हे टिपण सगळ्यात कामाचं. सध्याचा कायदा काय, विधेयकाने काय बदलेल, खर्च किती, पाठिंबा कुणाचा, विरोध कुणाचा, हे सगळं साध्या भाषेत असतं. यूसीबद्दलची विधेयकं बहुधा असेंब्लीच्या हायर एज्युकेशन समितीत आणि सिनेटच्या एज्युकेशन समितीत जातात. त्या दोन्ही समित्यांची टिपणं वाचलीत तर वर्तमानपत्रापेक्षा जास्त कळतं.

तिसरं, ‘कम्पेअर व्हर्जन्स’. इथे लोक हमखास फसतात. विधेयक दहा वेळा बदलतं आणि ग्रुपवर फिरत असतं ते पहिलं रूप. आपल्या लोकांच्या जवळचं उदाहरण म्हणजे २०२३चं एसबी ४०३, जातीवरून होणाऱ्या भेदभावाबद्दलचं. सुरुवातीला त्यात ‘जात’ ही स्वतंत्र संरक्षित वर्गवारी होती. पुढे दुरुस्ती होऊन ती ‘वंशावळी’च्या व्याख्येखाली गेली. ऑगस्टमध्ये दोन्ही बाजूंचे लोक एकमेकांशी भांडत होते ते फेब्रुवारीच्या मजकुरावरून. दोन्ही सभागृहांत मंजूर झाल्यावर ७ ऑक्टोबर २०२३ रोजी गव्हर्नर न्यूसम यांनी व्हेटो केला. असा भेदभाव सध्याच्या कायद्यातही निषिद्ध आहे, असं कारण त्यांनी दिलं. आणि गंमत बघा, सीएसयूने त्याआधीच, जानेवारी २०२२ मध्ये, आपल्या भेदभावविरोधी धोरणात जातीचा उल्लेख केला होता. कायदा झाला नाही म्हणजे कॅम्पसवर नियम नाही, असं धरून चालू नका.

‘गट अँड अमेंड’ नावाचा आणखी एक प्रकार आहे. विधेयकाचं पोट रिकामं करून त्यात भलताच विषय भरतात. मार्चमध्ये पाणीपुरवठ्याबद्दल असलेला क्रमांक ऑगस्टमध्ये वसतिगृहांबद्दल असू शकतो. म्हणून क्रमांकाबरोबर ‘शेवटची दुरुस्ती’ ही तारीखही टिपून ठेवा.

४. आता खरा प्रश्न: हे यूसीला बांधतं का?

महाराष्ट्रातून आलेल्यांना हे पटायला वेळ लागतो. तिकडे पुणे, मुंबई, नागपूर, सगळी विद्यापीठं महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ खाली चालतात. कुलगुरू कसा निवडायचा, सिनेटवर कोण बसणार, हे विधानसभा कायदा करून ठरवते आणि बदलते. यूसीचं तसं नाही. कॅलिफोर्नियाच्या राज्यघटनेतल्या नवव्या अनुच्छेदाच्या नवव्या कलमाने यूसीचा कारभार रीजंट्सच्या हाती दिला आहे. एकूण २६ रीजंट्स. त्यातले १८ गव्हर्नर नेमतो, बारा-बारा वर्षांसाठी. ७ पदसिद्ध, ज्यात गव्हर्नर स्वतः आणि असेंब्लीचा स्पीकरही आला. एक विद्यार्थी. विधिमंडळाला यूसीवर थेट हुकूम चालवायची मुभा फार थोड्या बाबतींत आहे.

सीएसयू मात्र साध्या कायद्याने उभी राहिली आहे, तिला विधिमंडळ आदेश देऊ शकतं. म्हणूनच एकाच विधेयकात दोन सूर ऐकू येतात. सीएसयूच्या ट्रस्टींनी अमुक करावं असा आदेश, आणि लगेच पुढच्या ओळीत ‘रीजंट्सना विनंती करण्यात येत आहे’. पानावर ‘रिक्वेस्टेड’ दिसलं की समजा, यूसीने नाही म्हटलं तरी कायदा मोडत नाही. काही ठिकाणी दुसरी भाषा असते: रीजंट्सनी ठराव करून स्वीकारलं तरच ही तरतूद यूसीला लागू. ब्राउझरमध्ये ‘रीजंट्स’ हा शब्द इंग्रजीत शोधा आणि तो जिथे जिथे येतो ती वाक्यं तेवढी वाचा. पाच मिनिटांचं काम आहे.

एबी ५४० चं असंच झालं. कॅलिफोर्नियात तीन वर्षं हायस्कूल करून इथेच हायस्कूल पास झालेल्यांना बाहेरच्या राज्याची जादा ट्यूशन माफ करणारा हा २००१चा कायदा. सीएसयू आणि कम्युनिटी कॉलेजांना तो कायद्यानेच लागू झाला. यूसीत तो आला तो रीजंट्सनी आपणहून स्वीकारला म्हणून.

मग यूसीला काहीच बांधत नाही का? तसंही नाही. सगळ्या राज्याला सारखा लागू होणारा आरोग्य-सुरक्षेचा वगैरे कायदा यूसीलाही लागू. कर्मचारी संघटनांशी वाटाघाटी करायचा १९७९चा कायदा लागू. पर्यावरण कायदा तर असा लागू की २०२२ मध्ये त्याने बर्कलीला घाम फोडला. आणि पैसा. तो वेगळाच मामला आहे.

५. कॅलेंडर भिंतीवर लावा

पावसाळ्यात पेरणी, तसा इथे विधेयकांचा हंगाम ठरलेला. फेब्रुवारीत दाखल, मार्च-एप्रिलमध्ये विषय समित्या, मेच्या मध्यावर अप्रोप्रिएशन्स (खर्च तपासणारी समिती), मेअखेर किंवा जूनच्या सुरुवातीला जन्मसभागृहातून बाहेर. मग दुसऱ्या सभागृहात तीच वरात. सम वर्षी ३१ ऑगस्टला अधिवेशन संपतं आणि गव्हर्नरकडे ३० सप्टेंबरपर्यंत वेळ असतो. विषम वर्षी सप्टेंबरच्या मध्यापर्यंत काम चालतं आणि सह्या ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत.

यातली खरी कत्तल होते ती ‘सस्पेन्स फाइल’ला. असेंब्लीच्या अप्रोप्रिएशन्स समितीत दीड लाख डॉलरहून जास्त खर्चाचं विधेयक बाजूला काढून ठेवतात. मग मेमध्ये एक दिवस आणि ऑगस्टमध्ये एक दिवस शेकडो विधेयकांचा निकाल एका दमात वाचला जातो. चर्चा नाही, साक्षी नाहीत. अध्यक्ष क्रमांक वाचत जातात, ‘डू पास’ (पुढे जाऊ द्या), ‘डू पास ॲज अमेंडेड’ (बदल करून पुढे जाऊ द्या), ‘हेल्ड’. ‘हेल्ड’ म्हणजे संपलं. ऑनलाइन थेट दिसतं, एकदा जरूर बघा. आपला क्रमांक येईपर्यंत श्वास रोखून बसावं लागतं आणि तो येऊन गेलेलाही कळत नाही.

पहिल्या वर्षी अडकलेलं विधेयक ‘टू-इयर बिल’ होऊन जानेवारीत पुन्हा डोकं वर काढू शकतं. मेलं म्हणून विसरू नका.

शेवटच्या घडीला मजकूर बदलून रातोरात मंजूर करण्याला मात्र आता थोडा लगाम आहे. २०१६च्या प्रॉपोझिशन ५४ मुळे अंतिम मतदानाआधी ७२ तास मजकूर ऑनलाइन असावाच लागतो.

६. बजेटकडे डोळे लावून बसा

हुकूम चालत नाही, मग विधिमंडळ यूसीला वळवतं कसं? पैसे देऊन, किंवा रोखून. माझ्या मते यूसीवर सगळ्यात जास्त परिणाम करणारा राज्याचा कायदा म्हणजे दर वर्षीचा बजेट ॲक्ट, आणि निरोपांत त्याचं नाव कधीच नसतं.

१० जानेवारीपर्यंत गव्हर्नरचा प्रस्ताव येतो. १४ मेपर्यंत त्याची सुधारित आवृत्ती, जिला सगळे ‘मे रिव्हाइज’ म्हणतात. १५ जूनपर्यंत विधिमंडळाने बजेट मंजूर करायचं असतं आणि १ जुलैला आर्थिक वर्ष सुरू होतं. मधल्या काळात लेजिस्लेटिव्ह ॲनालिस्ट्स ऑफिस, म्हणजे एलएओ, यूसीवर स्वतंत्र अहवाल काढतं. कुणाचीही बाजू न घेता लिहिलेले ते असतात. वाचाच.

‘बाहेरच्यांना प्रवेश बंद’ या दर वर्षीच्या निरोपाचं मूळही बजेटमध्येच आहे. २०२१च्या बजेट करारात ठरलं की बर्कली, लॉस एंजेलिस आणि सॅन डिएगो इथे पदवीच्या वर्गातलं बाहेरच्या राज्यांतल्या आणि परदेशी विद्यार्थ्यांचं प्रमाण २०२२–२३ पासून पाच वर्षांत १८ टक्क्यांपर्यंत खाली आणायचं. त्या जागा कॅलिफोर्नियाच्या मुलांना, आणि बुडालेली जादा ट्यूशन राज्य भरून देणार. म्हणजे बंदी नव्हे, तीन कॅम्पसवरची मर्यादा. टेक्सास किंवा न्यू जर्सीतल्या भाच्याने अर्ज करूच नये असं नाही. या तीन ठिकाणी जागा कमी आहेत एवढं धरून चालावं. तुम्ही कॅलिफोर्नियात राहात असाल तर हा बदल तुमच्या बाजूचा आहे, तरी तो निरोप घाबरूनच पुढे ढकलला जातो.

कपातीच्या बातम्यांतही एक मेख असते. २०२५–२६ साठी जानेवारीत प्रस्ताव होता जवळपास ८ टक्के कपातीचा. जूनमध्ये झालं काय, तर ३ टक्के, सुमारे १३ कोटी डॉलर, आणि तेही ‘डेफर्ड’: कापले नाहीत, पुढच्या वर्षावर ढकलले. जानेवारीचा आकडा मे-जूनमध्ये पुन्हा तपासल्याशिवाय कुणाला सांगू नका. शिवाय राज्याचा सामान्य निधी यूसीच्या एकूण उलाढालीचा साधारण दहावा हिस्सा. बाकी हॉस्पिटलं, संशोधनाचे पैसे, फी. पण वर्गात शिकवण्याचा खर्च निघतो तो प्रामुख्याने राज्याचा पैसा आणि ट्यूशन यांतूनच, म्हणून त्या दहाव्या हिश्श्यासाठी एवढी झटापट.

ट्रेलर बिल किती वेगाने धावतं, ते २०२२ने दाखवलं. बर्कलीच्या वाढत्या विद्यार्थिसंख्येविरुद्ध रहिवाशांचा एक गट पर्यावरण कायद्याखाली कोर्टात गेला होता. कोर्टाने विद्यार्थिसंख्या २०२०–२१ च्या पातळीवर, ४२,३४७ वर, गोठवायचा आदेश दिला. ३ मार्चला राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने स्थगिती नाकारली. प्रवेशपत्रं निघायला जेमतेम दोन-तीन आठवडे उरले होते. शुक्रवारी, ११ मार्चला, एसबी ११८ चा मजकूर पुढे आला. सोमवारी, १४ मार्चला, दोन्ही सभागृहांनी तो एकमताने मंजूर केला आणि त्याच दिवशी गव्हर्नरची सही झाली. विद्यार्थ्यांची संख्या वाढणं हा आपोआप पर्यावरणीय ‘प्रकल्प’ ठरत नाही, एवढाच मुद्दा. गोठवणूक संपली. एरवी आठ महिने खाणारी यंत्रणा एका शनिवार-रविवारात हलते ती अशी, आणि हलते ती बहुधा बजेट समितीच्या नावावर आधीच ठेवलेल्या कोऱ्या विधेयकातून. म्हणून ‘बजेट ट्रेलर’ असं लिहिलेलं दिसलं तर वरचं कॅलेंडर बाजूला ठेवा.

७. वॉशिंग्टनकडून काय येतं

काँग्रेसमध्ये दोन वर्षांत हजारो विधेयकं दाखल होतात, कायदा होतात ती मूठभर. ‘काँग्रेस डॉट गव्ह’वर ‘इन्ट्रोड्यूस्ड’ एवढंच दिसत असेल आणि सहप्रायोजक दोन-चारच असतील तर चहा प्या. उच्च शिक्षणाचा मूळ कायदा १९६५चा. त्याचं शेवटचं संपूर्ण नूतनीकरण २००८ मध्ये झालं, त्यावरून वेग समजून घ्या.

मोठे बदल येतात ते भल्यामोठ्या एकत्र कायद्यांत दडून. ४ जुलै २०२५ च्या ‘वन बिग ब्यूटिफुल बिल’मध्ये विद्यार्थी कर्जांचे नियम बदलले. १ जुलै २०२६ पासून नव्या कर्जदारांसाठी ग्रॅड प्लस, म्हणजे पदव्युत्तर विद्यार्थ्यांचं केंद्राचं कर्ज, बंद. पालकांच्या पेरेंट प्लस कर्जाला प्रत्येक मुलामागे वर्षाला २०,००० आणि एकूण ६५,००० डॉलरची मर्यादा. मास्टर्स-पीएचडीला वर्षाला २०,५०० आणि एकूण एक लाख, तर डॉक्टर-वकिलीसारख्या व्यावसायिक पदवीला वर्षाला ५०,००० आणि एकूण दोन लाख. यूसीच्या लॉ किंवा मेडिकल स्कूलचा हिशेब मांडताना हे आकडे समोर ठेवा. एच-वन (नोकरीच्या) किंवा एच-फोर (त्यांच्या जोडीदार-मुलांच्या) व्हिसावर असाल तर ही कर्जं आणि पेल ग्रँट, म्हणजे गरजू विद्यार्थ्यांना मिळणारी केंद्राची मदत, मुळातच मिळत नाहीत. त्यासाठी नागरिकत्व, ग्रीन कार्ड किंवा कायद्याने पात्र धरलेला दर्जा लागतो.

कायद्यानंतर येतात नियम, आणि खरी मारामारी तिथे असते. ‘व्यावसायिक पदवी’ कशाला म्हणायचं हे शिक्षण खात्याच्या नियमांवर आलं, आणि नर्सिंगचा पदव्युत्तर अभ्यासक्रम त्यात धरायचा की नाही यावरून वाद पेटला. नियमाचा मसुदा ‘फेडरल रजिस्टर’मध्ये छापून येतो, त्यावर साधारण ३० ते ६० दिवस हरकती घेता येतात. एफ-वन या विद्यार्थी व्हिसावरच्यांना शिक्षण संपेपर्यंत मिळणारा मुक्काम काढून ठरावीक मुदत द्यायचा प्रस्ताव ऑगस्ट २०२५ च्या शेवटी असाच छापून आला, हरकतींना २९ सप्टेंबरपर्यंत वेळ होता. प्रस्ताव छापला म्हणून त्या दिवशी कुणाचाच व्हिसा बदलला नव्हता. हरकत कुणीही नोंदवू शकतं, परदेशी विद्यार्थीसुद्धा. फक्त तिथे लिहिलेलं सगळं जाहीर होतं. पासपोर्ट क्रमांक, सेव्हिस (विद्यार्थी व्हिसाच्या सरकारी नोंदीचा) क्रमांक घालू नका.

घोषणा मात्र हरकतींना थांबत नाही. नव्या एच-वनबी अर्जांवर एक लाख डॉलरची आकारणी १९ सप्टेंबर २०२५ रोजी राष्ट्राध्यक्षांच्या घोषणेने आली आणि दोन दिवसांत लागू झाली. एच-वनबीच्या वार्षिक लॉटरीतून सूट असलेल्या विद्यापीठांनाही त्यातून आपसूक सूट नव्हती. अशा वेळी ग्रुपवर विचारू नका. कॅम्पसच्या इंटरनॅशनल ऑफिसचं त्या दिवशीचं पान पाहा.

राज्य आणि केंद्र एकमेकांना छेदतात तिथे सावध. १९९६च्या केंद्रीय कायद्यानुसार, कागदपत्रं नसलेल्यांना ‘इथे राहतात’ म्हणून जी सवलत द्याल ती सगळ्याच नागरिकांना द्यावी लागते. एबी ५४० त्याला छेद देतो का, असा दावा यूसीविरुद्ध झाला. राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये म्हटलं की ही सवलत रहिवासावर नाही, इथल्या शाळेत शिकण्यावर आहे, आणि तिचा फायदा नागरिक मुलांनाही मिळतो. दुसरीकडे, कागदपत्रं नसलेल्या विद्यार्थ्यांना कॅम्पसवर नोकरी देणारं एबी २५८६ दोन्ही सभागृहांतून पार झालं आणि सप्टेंबर २०२४ मध्ये व्हेटो झालं. कारण कोर्टाचा निवाडा येण्याआधी यूसीने आणि तिच्या कर्मचाऱ्यांनी केंद्रीय कायद्याची जोखीम घ्यावी का, हेच.

८. आपलं म्हणणं कळवायचं असेल तर

पत्र एक पानाचं. वर क्रमांक, शेवटच्या दुरुस्तीची तारीख, आणि पहिल्याच ओळीत पाठिंबा की विरोध. मग तुम्ही कोण, कुठे राहता, याचा तुमच्यावर परिणाम काय. ग्रुपवर फिरणारा तयार मसुदा तसाच चिकटवू नका. शंभर सारखी पत्रं एकत्र मोजली जातात. विधिमंडळाच्या पत्र-पोर्टलवरून समितीकडे पाठवता येतं आणि बहुतेक समित्यांना ते सुनावणीच्या आठवडाभर आधी हवं असतं. उशीर झाला तर टिपणाच्या यादीत तुमचं नाव येत नाही.

सॅक्रामेंटोला जायचं ठरवलंत तर बऱ्याच सुनावण्या कॅपिटॉलशेजारच्या १०२१ ओ स्ट्रीट या नव्या इमारतीत असतात. मुख्य साक्षीदार सहसा प्रत्येक बाजूचे दोन, त्यांना दोन-दोन मिनिटं. बाकी सगळे रांगेत. सार्जंट रांग हलवतात, माइकपाशी आलात की नाव, गाव, ‘सपोर्ट’ किंवा ‘ऑपोज’, आणि पुढे. तिथे भाषण सुरू केलंत तर अध्यक्ष थांबवतात, नम्रपणे पण लगेच. फोलसम किंवा एल्क ग्रोव्हच्या ओळखीच्या घरी आदल्या रात्री मुक्काम केलात तर सकाळी आठच्या ट्रॅफिकमधून सुटका.

दोन सापळे. तुम्ही यूसीत नोकरीला असाल तर कामाचा ईमेल, लेटरहेड, पद वापरून मत देऊ नका. यूसीची अधिकृत भूमिका प्रेसिडेंटच्या कार्यालयाचा सरकारी संबंध विभाग मांडतो. घरच्या ईमेलवरून, स्वतःच्या नावाने, काहीच अडचण नाही. दुसरं, व्हिसावर असलात तरी आमदाराला पत्र लिहिता येतं, भेटता येतं, सुनावणीत बोलता येतं. पण ग्रीन कार्ड नसेल तर निवडणूक मोहिमेला एक डॉलरही देऊ नका. केंद्रीय कायद्याने तो गुन्हा आहे. फंडरेझरच्या जेवणाचं तिकीटही देणगीच धरतात. ‘अरे, आपल्या मराठी माणसासाठी आहे’ असं म्हणत कुणी आग्रह केला तरी.

९. सही झाल्यावर

‘चॅप्टर्ड’ दिसलं म्हणजे कायदा झाला. साधारणपणे तो पुढच्या १ जानेवारीला लागू होतो. दोनतृतीयांश मतांनी मंजूर झालेलं ‘अर्जन्सी’ विधेयक लगेच. गव्हर्नरने सहीही केली नाही आणि व्हेटोही केला नाही तर मुदत संपल्यावर ते आपोआप कायदा होतं.

त्यात यूसीला नुसती विनंती असेल तर पुढची नजर रीजंट्सवर. त्यांच्या बैठका बहुधा जानेवारी, मार्च, मे, जुलै, सप्टेंबर आणि नोव्हेंबरमध्ये असतात. खुल्या बैठकांच्या राज्य कायद्यामुळे अजेंडा दहा दिवस आधी जाहीर करावा लागतो. अजेंड्यात तुमचा विषय शोधा, सार्वजनिक टिप्पणीसाठी नाव नोंदवा आणि घड्याळ लावून बोलायचा सराव करा. तिथेही वेळ मिनिटांतच मिळतो. विषय अजेंड्यावर नसेल तर तुमच्या कॅम्पसच्या रजिस्ट्रारच्या किंवा फायनान्शियल एडच्या काउंटरवर त्या कायद्याचा कागद दाखवून उपयोग नाही. तिथली माणसं यूसीचं धोरण पाहून उत्तर देतात, आणि ते अजून बदललेलं नसतं.